फवारणीआधी पान उलटून पाहा

तळेगाव दाभाडे,
दि. 22 फेब्रुवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. 20 गुंठ्यांतील ढोबळी मिरचीचे शेंडे आखडत चालले आहेत, चुरडामुरडा समजून तू दर चौथ्या दिवशी पांढऱ्या माशीचे औषध मारतो आहेस आणि तरीही रोज नवी झाडे धरली जात आहेत, हे वाचून जिवाला लागले. कर्ज काढून उभारलेल्या पॉलिहाऊसमध्ये पहिल्याच पिकाची ही अवस्था झाली की हात आपोआप पंपाकडे जातो. तरीही माझी कळकळीची विनंती आहे की पुढची फवारणी तूर्त थांबव आणि आधी पान कोणत्या बाजूला वळले आहे ते पाहा.

आपण सरसकट ज्याला चुरडामुरडा म्हणतो, ते एकाच किडीचे काम नसते. पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखे झाले असेल, तर बहुधा फुलकिडे असतात. कडा खाली वळून होडी पालथी घातल्यासारखे पान दिसत असेल, देठ लांबला असेल आणि शेंड्याची कोवळी पाने जाडसर, ठिसूळ लागत असतील, तर तो पिवळा कोळी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा माइट असतो. पाने बारीक, पिवळट होऊन झाडाचा झुपका होतो आणि वाढच खुंटते, तेव्हा पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूचा संशय घ्यावा. तशा झाडाला कोणतेही औषध बरे करीत नाही. ते उपटून पिशवीत बांधून बाहेर न्यावे लागते.

तुझ्या वर्णनावरून मला कोळ्याचाच संशय येतो. कोळी हा कीटक नव्हेच. त्याला आठ पाय असतात, आणि तू मारतो आहेस त्या इमिडाक्लोप्रिडचा त्याच्यावर परिणाम होत नाही. उलट, त्याला खाणारे मित्रकीटक अशा फवारणीने कमी होतात आणि त्याला रान मोकळे मिळते. दुसऱ्या वर्षी माझ्या ढोबळीत नेमके हेच घडले होते. जवळच्या एका कृषी सेवा केंद्रातून दिलेली औषधे मी महिनाभर आलटून पालटून मारली, आणि अखेरीस दोन गादीवाफे मुळासकट उपटले. त्या दिवशी एका जाणत्या शेतकऱ्याने माझ्या हातात 10 पट मोठे दाखवणारे भिंग दिले. शेंड्याचे पान उलटून पाहिले, तर शिरेलगत पारदर्शक, चपटी अंडी दिसली आणि त्यांच्यावर पांढरे ठिपके अगदी ओळीने मांडल्यासारखे होते. नुसत्या डोळ्यांनी मी ते पान शंभर वेळा पाहिले असेन. आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली : हा कोळी पांढऱ्या माशीच्या पायांना चिकटून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. म्हणजे माशीकडे दुर्लक्ष करून चालत नाही, पण केवळ माशीवर औषध मारूनही भागत नाही.

कोळीच निघाला, तर पाण्यात विरघळणारे 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात, संध्याकाळी, शेंड्याच्या पानांची खालची बाजू भिजेल असे फवार. ऊन तापलेले असताना गंधक मारलेस, तर पाने करपतील. त्याने आवरले नाही, तर स्पायरोमेसिफेनसारखे खास कोळीनाशक घ्यावे. मात्र तेच औषध लागोपाठ मारू नये, आणि फवारणीनंतर तोडणीसाठी किती दिवस थांबायचे हे लेबलवर पाहूनच मिरची बाजारात न्यावी.

पांढऱ्या माशीसाठी मी आता तिला रोग लावून मारणाऱ्या बुरशीवर भर देतो. लेकॅनिसिलियम लेकॅनी लिटरला 5 ग्रॅम, तेही सूर्य कलल्यावर आणि हवेत दमटपणा असताना. त्या आठवड्यात बुरशीनाशक अजिबात मारायचे नाही, नाहीतर आपणच आपल्या मदतनीसाला मारतो. तिचा परिणाम दिसायला वेळ लागतो आणि तेवढा धीर धरावाच लागतो. जिवंत मदतनीस वापरण्याची ही वाट जुनीच आहे. 1926 साली इंग्लंडमध्ये एका टोमॅटो उत्पादकाला काचघरात पांढऱ्या माशीची काही पिले काळी पडलेली दिसली. त्यांच्या पोटात एन्कार्सिया नावाची चिमुकली गांधीलमाशी वाढत होती. पुढे चेसहंटच्या संशोधन केंद्रातून ती गांधीलमाशी बागायतदारांना पुरवली जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी हे कीटकनाशक आले आणि ती मागे पडली. किडी औषधांना दाद देईनाशा झाल्या, तेव्हा लोक पुन्हा तिच्याकडे वळले. एका उत्पादकाने पानाची खालची बाजू नीट पाहिली, म्हणून हे सगळे सुरू झाले, याचे मला फार अप्रूप वाटते.

बाकी कामे तुला ठाऊकच आहेत. दोन दरवाजांपैकी एक नेहमी बंद असू दे, बाजूच्या जाळीला पडलेली भोके शिवून घे आणि बाहेरचे गाजरगवत काढून टाक, कारण पीक नसते तेव्हा माशी त्यावरच तग धरते. माशीसाठी पिवळे आणि फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे शेंड्यांच्या उंचीला लाव, झाडे वाढतील तसे वर घे, आणि दर सोमवारी त्यांवरची संख्या वहीत लिही. माझ्याकडे अशा तीन वह्या झाल्या आहेत. त्या चाळल्यावर मला दिसले की दरवर्षी फेब्रुवारीअखेर आकडा चढतो, म्हणून आता मी जानेवारीतच जाळी तपासतो.

रविवारी सकाळच्या एसटीने मी नारायणगावला येतो आहे. भिंग आणि वह्या बरोबर आणतो. तोवर मधल्या, दारालगतच्या आणि कोपऱ्यातल्या वाफ्यांतील प्रत्येकी पाच झाडांना खुणेची दोरी बांधून ठेव. आपण दोघे मिळून त्यांची पाने पाहू. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा मित्र