वास्तुविशारद नगरसेवक झाला तरी स्पर्धेची अट हवीच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महापालिकेत वास्तुविशारद, अभियंते निवडून जावेत, असं कोल्हापुरात वरचेवर बोललं जातं. आम्हालाही ते हवंच आहे. पण तेवढ्यानं भागत नाही, हे पुढं तुर्कस्तानची राजधानी अंकाराचे महापौर झालेले वास्तुविशारद वेदात दालोकाय (१९२७–१९९१) यांच्या आयुष्यात दिसतं.

१९५७ साली अंकारातल्या कोजातेपे मशिदीच्या आराखड्याची स्पर्धा त्यांनी नेजात तेकेलिओलू यांच्यासह जिंकली. पातळ काँक्रीट कवचाची रचना होती. पाया भरला गेला, मग ‘फार आधुनिक’ म्हणून ओरड झाली आणि भरलेला पाया उखडला. तिथं जुन्या उस्मानी धाटणीची मशीद उभी राहिली, ती पूर्ण व्हायला १९८७ उजाडलं. आमच्या मते चूक आराखड्याची नव्हतीच. काय हवं, हे निकालाआधी ठरलं नव्हतं.

दालोकाय खचले नाहीत. १९६९ मध्ये १७ देशांतल्या ४३ प्रवेशिकांतून इस्लामाबादच्या फैसल मशिदीसाठी त्यांची रचना निवडली गेली. तिला घुमट नाही. तंबूसारखं आठ बाजूंचं काँक्रीट कवच आणि चार कोपऱ्यांत चार मिनार. बांधकाम १९७६ ला सुरू झालं, तेव्हा ते अंकाराचे महापौर होते (१९७३–७७).

तिथला महापौर थेट जनतेतून येतो आणि कारभारही तोच हाकतो. आपल्याकडं महापौर नगरसेवक निवडतात, तोही अडीच वर्षांसाठी. अंमलबजावणी आयुक्तांकडं, खर्चाची मंजुरी १६ जणांच्या स्थायी समितीकडं. म्हणून जाणकार नगरसेवकानं महापौरपदाआधी स्थायी समितीत जागा मागावी.

आणि नाट्यगृह असो वा मंडई, आराखडा स्पर्धेतूनच निवडला जावा. जाहिरातीआधी मोजणी नकाशा आणि बोअर घेऊन माती परीक्षण झालेलं असावं. पंचगंगेकाठची काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात आकसते. हे उशिरा कळलं की पायाचा खर्च अंदाजपत्रकाबाहेर जातो. प्रवेशिकांवर नाव नको, फक्त क्रमांक. परीक्षकांत बहुमत तंत्रज्ञांचं. विजेत्यालाच सविस्तर नकाशे आणि जागेवरची देखरेख मिळेल, हे मानधनाच्या आकड्यासह जाहिरातीत छापावं. कुदळ मारल्यावर कुणाला बदल सुचला, तर तो लेखी स्वरूपात मूळ रचनाकाराकडं जावा. त्याच्या सहीशिवाय ठेकेदाराचं बिल निघू नये.

– काही वास्तुविशारद व स्थापत्य अभियंते, कोल्हापूर