वाड्यापाड्यांचे नकाशे विद्यार्थ्यांकडून करून घ्या

संपादक महोदय,

राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे दरवर्षी गावोगाव भरतात. रस्ते झाडले जातात, पथनाट्य होते, समारोपाला सत्कार होतात आणि मुले परततात. त्या श्रमांबद्दल तक्रार नाही. पण याच मुलांच्या खिशात जीपीएस असलेला मोबाइल असतो आणि ती राहतात त्या गावाच्या वाड्या नकाशावर धड सापडत नाहीत.

जनगणनेची प्रसिद्ध आकडेवारी महसुली गावापाशी थांबते. वाडी, पाडा, कातकरी वस्ती त्यात वेगळी दिसत नाही. गावठाणात नळ आला की कागदोपत्री गावाला पाणी मिळाले. डोंगरापलीकडच्या वाडीत बायका ओढ्यात डवरा (पाण्यासाठीचा खड्डा) खणत असतात, ते कुठल्या रकान्यात भरायचे? १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदत पथकांना पायवाटेने डोंगर चढावा लागला. नकाशा असता म्हणून दरड थांबली नसती, हे उघड आहे. मात्र वाट कुठून जाते, उतारावर घरे किती, हे आधीच नोंदलेले असायला काय हरकत आहे?

टांझानियातील दार-ए-सलाममध्ये २०१५ पासून ‘रमानी हुरिया’ प्रकल्पात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी रहिवाशांना बरोबर घेऊन पूरग्रस्त वस्त्या पालथ्या घातल्या. गटारे, घरे, रस्ते टिपले. पुराचे पाणी कुठवर चढले होते, ते लोकांनाच विचारले. सगळे ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशावर चढवले. तो कोणालाही फुकट वापरता येतो.

आपल्याकडेही फेब्रुवारी २०२१ च्या नकाशांविषयीच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीयांना अशा कामासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात समाजाशी जोडलेल्या कामाला श्रेयांकही (क्रेडिट) आहेत. तेव्हा शिबिरात झरे, हातपंप, पायवाटा, अंगणवाडी यांची नोंद व्हावी आणि कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो, हे वाडीतल्या माणसांना विचारूनच लिहावे. कुटुंबांची नावे मात्र नकाशावर नकोत.

विद्यापीठांनी शिबिराच्या अहवालाला असा नकाशा जोडणे बंधनकारक करावे. जिल्हा प्रशासनानेही टंचाई आराखड्यातील टँकर व विंधन विहिरींची यादी स्कॅन केलेल्या पीडीएफऐवजी एक्सेलमध्ये, गावाच्या जनगणना संकेतांकासह द्यावी, म्हणजे ती या नकाशाला जोडता येईल. नाहीतर मुलांची शिबिरे त्या याद्या पुन्हा टाइप करण्यातच संपतील.

– एक भूगोल शिक्षक, कर्जत (जि. रायगड)