सहल पिसदुऱ्याच्या शेतात न्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांच्या सहलींचे दिवस आले. आमच्या वरोरा तालुक्यातली मुले दरवर्षी एसटीने नागपूरला जातात आणि डायनासोरच्या पुतळ्यांपुढे फोटो काढून येतात. त्याला माझी हरकत नाही. पण शंभरेक किलोमीटर जाऊन ज्याचा पुतळा बघायचा, त्याची हाडे आणि चक्क त्याचे शेण आपल्याच तालुक्यात, पिसदुऱ्याच्या शेतांमध्ये सापडते, हे किती शाळांत सांगितले जाते? नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच इथली हाडे गोळा केली होती. आपण मात्र अजून मुलांना पाठ्यपुस्तकातले परदेशी चित्र दाखवतो.

शेण म्हटले की वर्ग खो खो हसतो. धडा तिथूनच सुरू करावा. पिसदुऱ्याचे हे शेण सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीचे. आता ते पक्का दगड आहे, हाताला जड लागते, वास अजिबात नाही. २००५ साली शास्त्रज्ञ वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले, तेव्हा त्यात गवताचे सूक्ष्म कण निघाले. गवत डायनासोर संपल्यानंतर आले, असा तोवरचा समज होता, तो इथल्या शेणाने मोडला. २०११ मध्ये तर त्यात भाताच्या कुळातल्या गवताचेही कण असल्याचे प्रसिद्ध झाले. धानाच्या बांधीत निंदायला गेलेल्या कोणालाही विचारा, पात्याने बोट कसे कापते. गवताच्या अंगात गारेचे (सिलिकाचे) बारीक कण असतात म्हणून त्याला ती धार येते. ते कण कुजत नाहीत आणि प्राण्याच्या पोटातही सहसा विरघळत नाहीत. म्हणूनच ते टिकले.

मग मुले विचारतातच, "बाई, आमची म्हैस मेली तर तिचापण दगड होईल का?" सहसा नाही. गावाबाहेर टाकलेले ढोर कुत्री ओढून नेतात (गिधाडे आता कुठे दिसतात!), उरलेली हाडे उन्हापावसात फुटून भुगा होतात. दगड व्हायचा तर जनावर पटकन गाडले गेले पाहिजे. पूर आला, अंगावर गाळाचा थर बसला, वर दुसरा, तिसरा. हवा आणि किडे आत पोचले नाहीत, तर मांस कुजते पण हाडे शाबूत राहतात. हाडांना बारीक छिद्रे असतात. जमिनीतले पाणी त्यांतून झिरपताना चुना, गार असे क्षार मागे ठेवत जाते. हजारो-लाखो वर्षांत हाडाचा आकार तोच राहतो, वजन दगडाचे होते. वर्धा नदीचा पूर ओसरल्यावर काठाला किती गाळ साचतो, हे आमच्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. शहरातल्या मुलांना हे चित्र काढून दाखवावे लागेल.

काही वेळा मूळ वस्तू पार नाहीशी होते आणि नुसता ठसा उरतो. पोळ्याला बैल करून उरलेली चिकणमाती घ्यावी, तिच्यात नाल्यातला रिकामा शंख दाबून काढावा, खळग्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतावे. अर्ध्या तासात हुबेहूब शंख बाहेर येतो. मुलींना यात मुलांपेक्षा जास्त धीर असतो, असे माझे निरीक्षण आहे. कोळशाच्या खाणीत कामाला असलेला एखादा पालक वर्गात असेल, तर त्यालाही बोलवावे. आपल्या भागातल्या कोळशाच्या थरांजवळच्या दगडात ग्लॉसोप्टेरिस या झाडाच्या पानांचे असेच ठसे मिळतात आणि ती पाने डायनासोरच्याही आधीची आहेत. घरी देवघरात गंडकीचा शाळिग्राम असेल तर आजीला विचारून, पाया पडून, तो नीट बघायला सांगावे. आतले ते चक्र म्हणजे समुद्रातल्या अमोनाइट नावाच्या जीवाचे कवच. याने कोणाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही. माझ्या सासूबाईंना तर उलट कौतुकच वाटले.

सिरोंच्याकडच्या शाळांना वडधम जवळ आहे, तिथे दगड झालेली झाडे आहेत. आम्हाला पिसदुरा आहे. पीक निघाल्यावर, शेतमालकाला विचारून, नागपूर-चंद्रपूरच्या कॉलेजातला भूशास्त्राचा एखादा प्राध्यापक सोबत घेऊन जावे. मुलांना एक गोष्ट आधीच बजावावी : बघायचे, वहीत चित्र काढायचे, खिशात काहीही घालायचे नाही. कोणता तुकडा कोणत्या थरात होता हे कळले तरच अभ्यासकाला त्याचा उपयोग. घरी नेऊन टीव्हीवर ठेवलेला तुकडा शोभेचा दगड.

शिक्षण विभागाने सहलीच्या परवानगीत अशा ठिकाणांचाही विचार करावा, आणि आपण जिल्हा पुरवणीत विदर्भातल्या जीवाश्मस्थळांची माहिती नकाशासह छापावी, ही विनंती. तो नकाशा मी वर्गाच्या भिंतीवर लावीन.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
ता. वरोरा, जि. चंद्रपूर