पिशवी गळते, पण दोष बहुधा पिशवीचा नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर स्टोमा, म्हणजे शौच बाहेर पडण्यासाठी पोटावर काढलेले आतड्याचे तोंड, घेऊन घरी आलेल्या रुग्णाची पहिली तक्रार ठरलेली असते : पिशवी गळते. मग सदाशिव पेठेतल्या औषध दुकानांत चौकशा होतात, एक कंपनी सोडून दुसरी धरली जाते, तीही गळते. शेवटी माणूस लग्नकार्याला जायचे टाळतो आणि पीएमपीच्या बसमध्ये चढायचे तर नावच काढत नाही. पिशवीच निकृष्ट निघाली असे क्वचित घडते. बहुतेक वेळा चुकते ते माप, नाहीतर पोटाचा आणि पिशवी धरणाऱ्या चकतीचा मेळ बसत नाही. दोन्ही घरच्या घरी तपासता येते.

सुरुवात काढलेल्या चकतीपासून करावी. पोटाला चिकटणारी ही चकती, जिला दुकानात बेसप्लेट किंवा फ्लॅन्ज म्हणतात, काढण्याआधी तिच्या वरच्या बाजूला पेनाने खूण करा. काढताना ती ओढू नका; एका हाताने कातडी हलकेच खाली दाबत चकती वरून खाली सोडवत या. मग ती कचऱ्यात टाकण्याआधी उलटी करून उजेडात धरा. भोकाभोवती ती पांढुरकी, फुगलेली, काही जागी विरघळलेली दिसेल. हा पट्टा अरुंद आणि सगळीकडून सारखा असेल तर काळजी नाही. एकाच बाजूने तो कडेपर्यंत पोचला असेल, तर गळतीची वाट तीच. खुणेवरून ती बाजू ओळखा आणि पोटावर तिथे काय आहे ते पाहा : वळी, जुन्या टाक्यांचा व्रण, की खड्डा. दोन-तीन चकत्या लागोपाठ त्याच बाजूने विरघळल्या, तर कंपनी बदलून काहीही होणार नाही.

सगळीकडूनच कातडी लाल असेल तर संशय मापावर घ्यावा. शस्त्रक्रियेनंतर स्टोम्याला सूज असते आणि ती उतरायला सहा ते आठ आठवडे लागतात. घरी सोडताना 40 मिलिमीटरचे भोक कापायला शिकवले असेल, तर रुग्ण महिना-दोन महिने इमानदारीने 40 चेच कापत राहतो. स्टोमा तोवर 30 वर आलेला असतो. मधल्या उघड्या कातडीवर शौच साचते. लहान आतड्याचा स्टोमा, म्हणजे इलिओस्टॉमी असेल तर त्यातले पाचकरस कातडी अक्षरशः जाळतात. सोललेल्या कातडीतून पाणी सुटते, ओल्यावर चकती धरत नाही, ती सुटली की आणखी गळते.

भोक स्टोम्यापेक्षा दोन ते तीन मिलिमीटरच मोठे हवे. खोक्यात मापाचा कागद येतो. पहिले दोन महिने दर आठवड्याला त्याने माप घ्यावे. स्टोमा लांबट असेल तर गोल भोक उपयोगाचे नाही. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर त्याच आकाराचा साचा कापून ठेवावा. कापल्यावर भोकाची कड बोटाने गुळगुळीत करावी. भोक फार घट्टही नको, कारण आतडे हलते तेव्हा कड घासून रक्त येते.

वळ्यांची तपासणी मात्र बहुतेक जण आडवे पडून करतात, आणि आडवे पडले की कुणाचेही पोट सपाटच दिसते. मांडी घालून जेवायला बसल्यावर, दुचाकीवर बसल्यावर, बूट घालायला वाकल्यावर काय दिसते ते आरशात पाहावे. जिथे घडी पडते तिथे स्टोमा सीलचा, म्हणजे मऊ रिंगचा तुकडा तोडून भरावा. पेस्टही चालते, पण ती गोंद नव्हे. खिडकीच्या फटीत भरतात त्या लांबीसारखे तिचे काम. चकतीभर फासली तर पकड उलट कमी होते. बऱ्याच पेस्टमध्ये अल्कोहोल असते, म्हणून लावल्यावर मिनिटभर थांबावे आणि सोललेल्या कातडीवर ती लावूच नये, आग होते.

इलिओस्टॉमी कातडीपासून दोन-अडीच सेंटीमीटर वर आलेली असावी, म्हणजे पातळ शौच थेट पिशवीत पडते. 1952 साली ब्रूक या इंग्रज शल्यविशारदाने आतडे उलटवून शिवण्याची ही पद्धत मांडली, तेव्हापासून तीच चालते. स्टोमा कातडीच्या पातळीत किंवा आत गेला असेल तर सपाट चकतीऐवजी फुगीर, म्हणजे कॉन्व्हेक्स चकती आणि ती धरून ठेवणारा कमरेचा पट्टा लागतो. पट्टा स्टोम्याच्या रेषेत हवा आणि त्याखाली दोन बोटे जावीत. स्टोम्याभोवती हर्निया असेल तर कडक कॉन्व्हेक्स चकती स्वतःच्या मनाने वापरू नये.

कातडी कोमट पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसली की पुरे. डेटॉल, स्पिरिट, ओले वाइप्स नकोत. कातडी सोलली की आपल्याकडे पहिला हात खोबरेलाकडे जातो. तेलावर किंवा मलमावर कुठलीच चकती टिकत नाही. टाल्कम पावडरही नको. ओल्या जागेवर स्टोमा पावडर भुरभुरावी, जादाची झटकावी, वर बिनअल्कोहोलचा बॅरियर स्प्रे, म्हणजे कातडीवर संरक्षक थर देणारा फवारा, मारून पूर्ण वाळू द्यावा. असे दोन-तीन थर दिले की कोरडी खपली तयार होते, तिच्यावर चकती बसते. जुन्या काळी याच कामाला कराया डिंक वापरत. तो आपल्या कांडोळाच्या झाडाचा, पण पाश्चात्त्य रुग्णालयांतून फिरून आल्यावर आपल्याला कळला. केस वस्तऱ्याने न काढता ट्रिमरने कापावेत.

चकती बदलायला सकाळी चहा-नाश्त्याआधीची वेळ उत्तम, तेव्हा स्टोमा शांत असतो. चिकटवण्याआधी ती मिनिट-दोन मिनिटे काखेत किंवा तळहातांत गरम करावी. आधी भोकाजवळ, मग बाहेरच्या कडेपर्यंत दाबावी आणि वर पाच मिनिटे हात ठेवून बसावे. तो चिकट पदार्थ उबेने आणि दाबाने धरतो. घाईत लावून लगेच वाकलात, तर पहिली फट तिथेच पडते.

चकती साधारण तीन-चार दिवस टिकते. ऑक्टोबरच्या आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात, घामाने, त्याहून कमी. खोके स्कूटरच्या डिकीत कधीच ठेवू नये. पावसाळ्यात लाल चट्ट्याभोवती बारीक पुटकुळ्या उठल्या तर बहुधा बुरशी असते. डॉक्टरांकडून पावडर स्वरूपातले औषध मागावे. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी, भरलेल्या पिशवीचे वजन चकती उपटते. वाऱ्याने फुगते म्हणून टाचणीने भोक पाडणे हा वेडेपणा आहे; फिल्टरची पिशवी मिळते. शौच फार पातळ असेल तर भात, केळे, उकडलेला बटाटा उपयोगी पडतो, पण दिवसाला दीड-दोन लिटरच्या वर जाऊ लागले तर तो प्रश्न चकतीचा राहत नाही. ओआरएस घेत डॉक्टर गाठावेत. आतून खाज किंवा जळजळ सुरू झाली तर गळती सुरू झाली असे समजून चकती त्याच वेळी बदलावी. वरून मायक्रोपोरची चिकटपट्टी लावल्याने शौच कातडीवरच कोंडते. आणि स्टोमा लालसर-गुलाबी सोडून काळपट दिसला तर वाट न पाहता रुग्णालयात जावे.

आता पुण्यातल्या रुग्णालयांना दोन विनंत्या. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत स्टोम्याची जागा आदल्या दिवशी रुग्णाला झोपवून, बसवून, उभे करून आणि वाकायला लावून आखावी. परकराची नाडी आणि पँटचा पट्टा जिथे येतो ती रेघ, बेंबी आणि जुने व्रण टाळावेत. टेबलावर भूल दिलेल्या पोटात हे काहीच दिसत नाही. दुसरे, घरी सोडण्याआधी रुग्णाने किंवा घरच्या माणसाने चकती निदान दोनदा स्वतःच्या हाताने बदललेली असावी आणि पुढच्या तपासणीच्या कागदावर टाक्यांच्या नोंदीखाली स्टोम्याचे त्या दिवशीचे माप लिहावे. त्याला एक ओळ पुरते.

आपली,
एक स्टोमा परिचारिका, पुणे