बंद केलेल्या पंख्याबद्दल आभार

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलाचे तुमच्याकडचे मानसोपचाराचे १६वे सत्र गुरुवारी झाले. निघताना तुमचे आभार मानायचे ठरवून आले होते, पण तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहिते आहे, कारण ज्या घरांत स्किझोफ्रेनियाविषयी दार लावून बोलले जाते, तेथील आयांपर्यंत ते पोहोचावे असे वाटते.

पहिल्या भेटीच्या दिवशी सोलापूरचा मे महिना होता. तो खुर्चीत बसला आणि छताकडेच पाहत राहिला. पंख्याच्या घरघरीतून शेजारी आपल्याविषयी बोलतात, आपल्या मनातले त्यांना ऐकू जाते, अशी त्याची पक्की खात्री होती. त्यापायी घरी आम्ही दोन उन्हाळे पंख्याविना काढले होते. तो काहीच बोलला नाही, पण त्याची नजर तुम्ही टिपलीत. "पंखा बंद केला तर बोलायला बरे वाटेल का?" एवढेच विचारून तुम्ही उठलात, बटण बंद केलेत आणि पाऊण तास घाम पुसत त्याचे ऐकत बसलात. त्याचे म्हणणे खरे आहे असे तुम्ही म्हणाला नाहीत, खोटे आहे असेही म्हणाला नाहीत. परतताना तो मला म्हणाला, "आई, पुन्हा यायचे ना?"

त्याआधी एका डॉक्टरांनी मान वर न करता चिठ्ठी लिहिली होती आणि आवाजांचा विषय काढताच, "त्यावर बोलूच नका, वाढेल," असे मला बजावले होते. दुसऱ्यांनी तासभर वाद घालून त्याला खोटे पाडले. त्यानंतर कित्येक महिने तो कोणाशी बोलला नाही. अंगारा आणून देणाऱ्या नातेवाइकांना मी माफ केले आहे, त्यांना ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक असायला हवे होते, त्यांच्यावरचा राग मात्र जात नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी अशा एका रुग्णावर संवादातून केलेल्या उपचारांची हकिगत १९५२ मध्येच प्रसिद्ध केली होती, आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार या रुग्णांना औषधांच्या जोडीने सीबीटीची, म्हणजे विचार आणि वागणे यांवर संवादातून काम करणाऱ्या उपचाराची, किमान १६ सत्रे देऊ करायला हवीत, हे तुमच्याकडून कळले त्या दिवशी मी रिक्षात रडले. वाट होती आणि आम्हाला ती कोणी दाखवली नव्हती.

गोळ्या सोडायच्या नाहीत, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलेत. मग वही आली. आवाज केव्हा येतो, त्याआधी काय घडले होते, हे तो लिहू लागला, आणि झोप मोडलेल्या रात्रीनंतर किंवा घरी पाहुणे आले की तो वाढतो, हे त्याचे त्यालाच उमगले. सातव्या सत्रात, "पंखा लावून बघू," असे तोच म्हणाला. मनात 'कैरी' हा शब्द धरायचा, पंखा पाच मिनिटे चालू ठेवायचा आणि दोन दिवसांत जिन्यात कोणी कैरीचे नाव काढते का ते पाहायचे, असे तुम्ही दोघांनी ठरवले. कोणीच काढले नाही. त्याने ते वहीत तारखेसह नोंदवले आहे.

आवाज गेलेले नाहीत. तसे वचन तुम्ही दिलेही नव्हते. हा उपचार सगळ्यांना सारखा लागू पडत नाही, हे तुम्हीच सांगितले होते. पण आता आवाज आला की, "काल झोप झाली नाही, म्हणून आलास," असे तो पुटपुटतो आणि हातातले काम पुढे चालू ठेवतो.

तुमच्यासारखी माणसे इतरत्रही असतात, हे मी विसरले होते. मागे एकदा घाबरून तो वाटेतच एस.टी.तून उतरला, तेव्हा वाहकाने एकही प्रश्न न विचारता गाडी थांबवून ठेवली होती. तो प्रसंग मला तुमच्यामुळे पुन्हा आठवला.

काल मध्यरात्री जाग आली. त्याच्या खोलीत पंखा दोनवर चालू होता. मी दारात बराच वेळ उभी राहिले. तो गाढ झोपला होता.

आपली कृतज्ञ,
एक आई