घोयऱ्याला वाटीतलं पाणी कळत नाही

मा. संपादक,

मागच्या पावसात शेजारचा पोरगा कुळागरातून, म्हणजे सुपारीच्या बागेतून, एक घोयरा घेऊन आला, म्हणजे शॅमेलिऑन हो, कुंपणावरचा साधा सरडा नव्हे, आणि ठेवला पोपटाच्या जुन्या पिंजऱ्यात. वाटीत पाणी, वर कोबीचं पान! चार दिवसांत डोळे पार आत गेले, अंग काळपट. पोरगा म्हणतो रंग बदलतोय बघा, अरे बाबा तो हौस म्हणून बदलत नाही, भीती, ऊन-थंडी, आजारपण सगळं त्या कातडीवर दिसतं. साचलेलं पाणी त्याला कळतच नाही, पानावरचे थेंब चाटतो. मी जास्वंदीच्या फांदीवर स्प्रे मारला तर एक डोळा माझ्याकडे, दुसरा थेंबाकडे, आणि मग पाच मिनिटं नुसता पीत होता. खायला जिवंत किडे लागतात, आणि हाडांसाठी यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, जे खिडकीच्या काचेतून येत नाहीत, म्हणून काचेआडच्या उन्हाचा काही उपयोग नाही.

तरी घरी ठेवायचाच नाही हेच खरं, आपला देशी घोयरा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे, पकडणं हाच गुन्हा. परदेशी शॅमेलिऑन असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर (वेबसाइटवर) नोंदणी लागते, नुसती दुकानाची पावती चालत नाही. आमचा घोयरा शेवटी वनखात्याचे लोक येऊन घेऊन गेले. पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

एक वाचक, फोंडा