बाबा, मोडीच्या वर्गाला तुम्ही या

हायडेलबर्ग,
नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

ती. आई-बाबांना सईचा सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, “तुमच्या त्या आशिया विभागात दिवसभर चालतं तरी काय?” मी तोंड उघडलं तोवर मागे कुकरची शिट्टी झाली, बाबांच्या कानातलं मशीन कुईं करायला लागलं आणि बोलणं ‘जेवलीस का’वर येऊन थांबलं. म्हणून हे पत्र. मुद्दाम मोठ्या अक्षरात छापलंय, बाबांना भिंग शोधायला लागू नये म्हणून. वरच्या मजल्यावरच्या काकूंनाही वाचून दाखवा. ‘पोरगी जर्मनीत चायनीज शिकवते’ असं त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलंय. चिनी शिकवणारे आमच्याच आवारात बसतात, त्यामुळे काकूंचं अगदीच चुकलं असं म्हणवत नाही.

यंदा विभागाचा वार्षिक अहवाल लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. व्याख्यानं किती झाली, पाहुणे कुठून आले, कुणाचा लेख कुठे छापून आला, कुणाला शिष्यवृत्ती लागली, असे रकाने असतात. ते भरून झाले. पण नुसते रकाने वाचून विभाग कळत नाही. शिवाय बाबा, तुमचं नाव घालायला त्यात रकाना नाही. पुढच्या वर्षीच्या अहवालात तो असावा अशी माझी खटपट चाललीय. कशी, ते सांगते.

आमची दक्षिण आशिया संस्था १९६२ सालची, म्हणजे शिवाजी विद्यापीठाच्या बरोबरीची. राधाकृष्णन उद्घाटनाला आले तेव्हा आजोबांनी तुम्हाला सायकलच्या दांडीवर बसवून नेलं होतं, ही गोष्ट मी इथे पुष्कळांना सांगून झालीय. मूळ विद्यापीठ मात्र १३८६चं, जर्मनीतलं सगळ्यात जुनं. आधी आमची संस्था नेकार नदीच्या पलीकडे होती, चीन-जपानवाले गावात दुसरीकडे. २०१९मध्ये जुन्या दवाखान्याच्या इमारती नीट करून सगळ्यांना एका आवारात आणलं आणि ग्रंथालयही एकच केलं. हिंदी, उर्दू, बंगाली, तमिळ शिकवतात, संस्कृत तर आहेच. सुरुवातीला मलाही वाटायचं, कशाला हे सगळे एका दावणीला बांधायचे? आपल्या पेठेतल्या माणसाला चीनशी काय देणंघेणं? याचं उत्तर गेल्या वर्षी बाबांनीच मला दिलं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही.

आठवतंय ना, एका मोडी कागदाचा फोटो तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवला होता? तो आमच्या एका विद्यार्थिनीचा. मुलगी इथलीच, जर्मन, पण जिद्दीची. गावातले तंटे पूर्वी कसे मिटायचे यावर तिचा एम.ए.चा प्रबंध होता. कागद म्हणजे मिरज भागातला एक महजर, गावसभेच्या निवाड्याचा लेख. विहिरीच्या पाळीवरून दोन भाऊबंदांत भांडण, मग गोत बसलं, निवाडा झाला आणि खाली सगळ्यांच्या निशाण्या. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. इतका सुबक, इवलासा आरसा काढलाय त्या न्हाव्यानं! चिनी शिकवणारे एक सहकारी तो बघायला आले आणि तासभर हललेच नाहीत. त्यांच्याकडे थांग काळातल्या करारांवर लिहिता न येणारा माणूस बोटाच्या पेरांच्या खुणा करून द्यायचा, त्याचे फोटो त्यांनी आणून दाखवले. एका टेबलावर आपला न्हावी आणि तिकडचा कुठला कूळ शेतकरी शेजारी शेजारी.

गाडं अडलं ते तारखेवर. छ ७ रजब, सुहूर सन समान, मग शाईचा डाग, पुढे मया व अलफ. (काकूंसाठी: सुहूर सन म्हणजे जुन्या मराठी कागदांतली कालगणना, रजब हा ऋतूंतून सरकत जाणारा मुसलमानी महिना, छ म्हणजे त्याची तारीख, समान म्हणजे आठ, मया व अलफ म्हणजे अकराशे.) डागाखाली सबैन आहे की तिसैन, म्हणजे सत्तर की नव्वद, काही केल्या लागेना. आकडे अरबी, म्हणून फार्सी-अरबी जाणणाऱ्या बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, आकडे सांगते, पण ही लिपी माझ्या बापजन्मात पाहिली नाही. आता सुहूर सनात ५९९-६०० मिळवले की इसवी सन येतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. ११७८ असेल तर १७७७, ११९८ असेल तर १७९७. पहिल्या वेळी सवाई माधवरावांचं बाळपण, दुसऱ्या वेळी गादीवर दुसरा बाजीराव. आणि मधल्या वीस वर्षांत १७९१-९२चा तो भयानक दुष्काळ. विहिरीचं भांडण दुष्काळाच्या आधीचं की नंतरचं, यावर त्या पोरीचं अख्खं प्रकरण उभं होतं.

तुम्ही दुपारची झोप काढून उठलात, फोटो मोठा करून बघितलात आणि फोन केलात. “डागाच्या कडेनं अक्षराची शेपटी दिसतेय, हे सबैन. आणि माझ्यावर विश्वास नसेल तर चौथी ओळ वाचा. ओढ्यास पाणी आल्याकारणें पलीकडील गोत आलें नाही, असं लिहिलंय. रजब तेव्हा कुठल्या ऋतूत पडला ते काढा.” जंत्री उघडली. १७७७चा रजब ऑगस्टमध्ये, ऐन श्रावणात. १७९७चा डिसेंबरात, पौषात. पौषात मिरजेकडच्या ओढ्याला पूर कुठून येणार! संस्कृतच्या सरांनी पंचांगाचं गणित करून तिथीही पडताळली. जमली.

एका तारखेसाठी अरबी आकडे, संस्कृतातलं पंचांग, मराठी लिपी आणि उभी हयात दप्तरखान्यात रुमाल सोडून-बांधून मुरलेला माणूस, इतकं सगळं लागलं. हे सगळे एका आवारात कशाला, असं आता मी कुणाला विचारत नाही. चौथा माणूस तेवढा अजून आवारात नाही.

त्या मुलीला प्रबंधात एक गुण मिळाला. आई, घाबरू नकोस, इथे एक म्हणजे सगळ्यात वरचा. आभाराच्या पानावर ‘कोल्हापूरचे एक निवृत्त रेकॉर्ड कीपर’ असा उल्लेख आहे. नाव घालायला बाबांनीच मनाई केली होती.

आई, आता तुझं. गुंथर सोंथायमर हे नाव मी पूर्वी घेतलं असेल. आमच्याच संस्थेतले, १९९२मध्ये गेले. मूळचे कायद्याचे अभ्यासक, हिंदू धर्मशास्त्रावर काम केलेले. पुण्याला आले आणि पोथ्या बाजूला ठेवून धनगरांच्या वाड्यांवर जाऊन बसले. ओव्या टिपल्या, जत्रा पाहिल्या, बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबावर १९७६ साली जर्मनमध्ये मोठा ग्रंथ लिहिला. देवळातल्या मूर्तीपेक्षा तो देव कुठल्या वाटेनं, कुणाच्या मेंढरांमागून आला, याचा त्यांना जास्त ध्यास. मला विचारशील तर या संस्थेनं मराठीसाठी केलेलं सगळ्यात मोलाचं काम हेच. तेच वर्गात शिकवताना पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाचा विषय निघाला, म्हणून तुझ्याकडून ती लांबलचक व्हॉइस नोट मागवली होती. तू माहेरच्या यात्रेचं जे सांगितलंस ना, भंडाऱ्यानं पिवळी झालेली गल्ली, ढोल-कैताळ, फरांडेबाबांची भाकणूक, म्हणजे भाकीत, ऐकायला जीव मुठीत धरून उभे राहिलेले शेतकरी, ते मी थांबवत थांबवत जर्मनमध्ये सांगत गेले. भंडारा आठ दिवस कपड्यातून निघत नाही म्हणून आजी नवं लुगडं नेसायची नाही, या तुझ्या वाक्याला वर्ग हसला आणि मग एकानं विचारलं, भाकणूक खोटी ठरली तर लोक काय करतात? मला सांगता येईना. पुढच्या व्हॉइस नोटमध्ये सांग.

बाकी विभागात बरंच चालू असतं. शेजारी नेपाळच्या जुन्या कागदपत्रांचं काम २०१४पासून चाललंय. कागदाचा फोटो, त्याचं वाचन आणि अनुवाद अशी मांडणी करून ते सगळ्यांना खुलं ठेवतात. मोडी कागदांचं असंच व्हावं असं माझ्या मनात आहे. लखनौच्या नवल किशोर छापखान्याच्या जुन्या पुस्तकांचा मोठा साठा ग्रंथालयात आहे, पण त्यात माझी गती नाही. मध्ये वॉर्साला परिषदेला जाऊन आले. तिथे कोल्हापूरचं स्मारक आहे, वळिवड्याच्या छावणीचं. १९४३ ते ४८, महायुद्धात निर्वासित झालेली पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसं आपल्याकडे राहिली होती. त्याच छावणीच्या जागी वसलेल्या गांधीनगरात कापड घ्यायला जाताना बाबा दरवेळी ते सांगायचे आणि मी कान बंद करायचे. तिकडे मात्र मीच सगळ्यांना ऐकवत होते.

आणि आईचा कायमचा प्रश्न: नोकरी पक्की झाली का? नाही. इथल्या कायद्यानं संशोधकाला डॉक्टरेटच्या आधी सहा आणि नंतर सहा वर्षंच अशा मुदतीच्या करारावर ठेवता येतं, मग एक तर कायम जागा मिळवा, नाहीतर दुसरा मार्ग बघा. माझी अजून बरीच मुदत शिल्लक आहे. यावर फोनवर रडारड नको.

आता मुद्द्याचं. विभागानं मोडी वाचनाचा वर्ग मंजूर केलाय. पुढच्या महिन्यापासून फेब्रुवारीपर्यंत, दर शुक्रवारी इथले सकाळचे अकरा, तुमचे दुपारचे साडेतीन. बाहेरचे तज्ज्ञ म्हणून मी तुमचं नाव दिलं आणि ते मान्य झालंय. “मी कारकून माणूस, प्रोफेसरांपुढे काय बोलणार” हे मला आधीच ऐकू येतंय. बाबा, पुस्तकावरून शिकलेल्या पोरांना छापील, सुटं सुटं मोडी येतं. पण आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली बोरू न उचलता ओळच्या ओळ पळवलेली, शब्दाशब्दांत जागा न सोडलेली, ऱ्हस्व-दीर्घाला न जुमानणारी कारकुनी मोडी त्यांना कुणी शिकवायची? ती कारकुनाचीच विद्या. गेल्या दोन-तीन वर्षांत कुणबी नोंदी वाचून घ्यायला आपल्या दारात रांग लागतेय. त्या माणसांना तुम्ही चहा पाजून, एक पैसा न घेता, पणजोबांचं नाव शोधून देता. त्यांच्यासमोर बोलायला कधी अडखळला नाहीत. ही पोरं तर नुसती ऐकून घेणारी आहेत.

इंग्रजी मी बघते. तुम्ही मराठीत बोला, मी सांगत जाईन. तुमच्यासमोर कागद आणि पेन हवं, वर मोबाइल टांगायचा, अक्षर काढताना हात दिसला पाहिजे. शेजारचा अथर्व ते जोडून देईल, त्याच्याशी बोललेय. मानधन थोडंच आहे, पण आहे, त्यामुळे पॅन क्रमांक आणि बँकेच्या पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो लागेल. सोबत फॉर्म जोडलाय. खुणा केलेल्या तीन जागी सह्या करा. ‘पदनाम’ या रकान्यात ‘मोडी लिपी वाचक’ असं मी टंकून ठेवलंय, ते खोडू नका. पंधरा तारखेच्या आत फोटो काढून पाठवा, इथल्या कचेरीत एक दिवस उशीर चालत नाही.

आईनं शुक्रवारची भिशी साडेपाचला ढकलावी ही विनंती.

तुमची,
सई

ता. क. नाताळात मावशीचा पिंट्या फ्रँकफर्टला येतोय. त्याच्याकडे कांदा-लसूण चटणी दे, दोन वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून. मागच्या वेळी त्याच्या सगळ्या शर्टांना वास लागला होता.